मेणबत्ती कशासाठी हवी?

हल बंदर,
२० ऑक्टोबर १७९७

प्रिय डॉर्कस,

टोबी जिवंत आहे. आधी हे लिहून टाकते, बाकीचं पत्र त्यानंतर.

डच आरमाराशी लढाई झाल्याची बातमी आली तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. काल टोबीच्या जहाजावरचा एक सुतार आमची गल्ली शोधत आला आणि दारातूनच ओरडला, "क्रोबाई, तुमचा पोरगा आहे! हाताला लागलंय थोडं, पण आहे!" त्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून मी रडले. मॅथ्यू शिडाच्या कापडावर बसला होता, तसाच बसून राहिला. सुई वर उचललेली, दोरा लोंबकळतोय. मग म्हणाला, "त्याला भूक लागत असेल का गं?" नवरा हा असा प्राणी आहे.

संध्याकाळी सगळं बंदर उजळलं. जहाजांच्या डोलकाठ्यांवर कंदील, चर्चच्या घंटा, खिडकीखिडकीत मेणबत्त्या. मीही लावल्या. तू शरद ऋतूत पाठवतेस ना, त्या पेटीतल्याच सगळ्या. पेटी उघडली आणि आपल्या घराचा वास आला. चरबी वितळवायचा दिवस, आई बाह्या वर सारून कढईशी उभी, वातींची काठी चरबीत बुडून वर आली की आपण दोघी श्वास धरून बघायचो, मघापेक्षा मेणबत्ती किती जाड झाली ते. शाळेतली पोरं आपल्याला 'वितळलेल्या मेंढ्या' म्हणायची, आठवतं? मला तेव्हा लाज वाटायची. आता तो वास कुणी बाटलीत भरून दिला तर विकत घेईन.

डॉर्कस, आता मागणं. पुढच्या आठवड्यात केल्डनलाही रोषणाई होणार, असं गाडीवान सांगत होता. आपली क्वेकर पंथाची माणसं लढाईचा आनंद साजरा करत नाहीत, विजयाच्या दिवशी खिडकीत दिवा ठेवत नाहीत, हे मला सांगायला नको. पाद्र्यासमोर लग्न केलं म्हणून सभेने माझं नाव काढून टाकलं, पण विसरायचं औषध काही दिलं नाही. तरी मागते. विजयाची मेणबत्ती नको. टोबीची हवी. दुकानाच्या खिडकीत एक, फक्त एक. त्याच खिडकीत बसून तू त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं होतंस. कुणी विचारलं तर सांग, भाच्यासाठी आहे.

एवढं कर. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही.

तुझी
फीबी


केल्डन,
दहावा महिना, २६, १७९७

प्रिय बहीण फीबी,

टोबी वाचला, हे वाचून मी दुकानातच खाली बसले. देवाचे आभार मानले, नंतर पुन्हा मानले. हाताचं काय ते नीट कळव. "थोडं" म्हणजे किती?

तुझं पत्र तिसऱ्या दिवशी, तुम्ही ज्याला मंगळवार म्हणता त्या दिवशी, ऐन बाजारात आलं. ते वाचून एप्रनच्या खिशात घातलं आणि समोर बघते तर डिकन प्रॅट खाटीक, मागे चार-पाच जण, हातगाडी घेऊन उभे.

"डॉर्कसबाई, काढा सगळा माल! रोख देतो."

"कशासाठी हवा?" मी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? गाव उजळायचंय आज! डच बुडवले आपल्या पोरांनी!"

"मग माझ्याकडे मेणबत्त्या नाहीत."

"ह्या फळीवर काय मग, मुळे टांगलेत?"

"मेणबत्त्या आहेत. त्या कामासाठी नाहीत."

डिकन लाल झाला. "चरबी कुणाची आहे हो ह्यात? माझ्या मेंढ्यांची! निम्मी मेणबत्ती माझीच आहे."

"मग तुझी निम्मी तू घेऊन जा, डिकन. वात माझी आहे, तेवढी काढून ठेव."

त्याच्याबरोबरचेच लोक हसले. ते त्याला जास्त लागलं. हातगाडी लाथेने वळवून तो गेला.

नंतर त्याची बायको आली. कशासाठी हव्यात, मी विचारलं. म्हणाली, शिवायला. मी दिल्या. मग धान्याच्या गाडीवाल्याची बहीण आली, सासूच्या पायाला तेल चोळताना उजेड हवा म्हणून. मग चांभार आला, बायबल वाचायला. सरायवाल्याची सून आली, बाळंतीण घरात आहे म्हणाली. मी प्रत्येकाला विचारलं, प्रत्येकाने सांगितलं, प्रत्येकाला दिल्या. तू हसशील, पण मला खरोखरच वाटलं, लढाईच्या बातमीने गावाचं मन जड झालंय, माणसं शिवणाकडे आणि शास्त्राकडे वळलीत. पेग विडोसनसारखी म्हातारीसुद्धा सहा घेऊन गेली. आपल्यात शपथ नसते. माणसाने हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही. आईने तेच शिकवलं, मला दुसरं काही येत नाही.

दिवस मावळला तेव्हा माझ्या फळ्या रिकाम्या होत्या आणि समोरच्या प्रत्येक खिडकीत माझ्या हातची मेणबत्ती जळत होती. मी माझी वात ओळखते गं. धूर कमी, ज्योत सरळ.

आपला जेबेझ निकल्सन स्वतःच्या धान्याच्या वखारीला फळ्या लावून माझ्याकडे धावत आला. "डॉर्कस, खिडकीला फळ्या लाव! लोक येतायत. काच राहायची नाही."

"फळ्या लावलेली खिडकी म्हणजे घरात कुणी नाही, जेबेझ. मी घरात आहे."

तो गेला. मी फळ्या लावल्या नाहीत. दिवाही लावला नाही. दाराशी खुर्ची घेऊन बसले. सर राल्फ न्यायाधीश घोड्यावरून आला आणि थांबला.

"बाई, एक दिवा लावून टाका. उगाच तमाशा नको."

"तू जा, राल्फ हटन. तमाशा मी करत नाही आहे."

"मला 'तू' म्हणतेस? राजाच्या न्यायाधीशाला?"

"देवालाही तूच म्हणते. त्याने अजून तक्रार केलेली नाही."

लोक थोडा वेळ थांबले आणि मग गेले. सध्या दुकानात हवा छान खेळते आहे.

आता तुझी एक मेणबत्ती. हात दोन वेळा खिशातल्या तुझ्या पत्राकडे गेला, खोटं कशाला सांगू? पण खिडकीतली मेणबत्ती रस्त्याची भाषा बोलते, फीबी. मी कुणाकुणाच्या कानात जाऊन सांगणार होते, की ही एवढी एक वेगळी आहे? आणि समुद्रापलीकडे डच बायकांचेही टोबी होते. त्यातले काही तळाशी आहेत. त्यांच्या आया आज खिडकीत काय ठेवत असतील?

म्हणून टोबीसाठी मी अंधारात बसले. माझ्याजवळ द्यायला तेवढंच होतं.

तुझी बहीण
डॉर्कस


हल बंदर,
९ नोव्हेंबर १७९७

डॉर्कस,

तुझं पत्र मॅथ्यूला वाचून दाखवलं नाही. मला लाज वाटली.

मी तुला चूल विझवायला सांगत नव्हते, सभेत उभं राहून गाणं म्हणायला सांगत नव्हते. एक मेणबत्ती. अख्ख्या गावाला तू मेणबत्त्या दिल्यास. चांभाराला दिल्यास, डिकनच्या बायकोला दिल्यास, आणि एवढी वर्षं ओळखत असूनही त्या सगळ्यांचं खोटं तुला खरं वाटलं. मी खरं सांगून मागितली, ती मात्र नाही. म्हणजे तुझ्या दारात खोटं बोलणाऱ्याची सोय आहे.

मला ठाऊक आहे हे कशाचं आहे. मी पाद्र्यासमोर गुडघे टेकले, आरमाराची शिडं शिवणाऱ्याशी लग्न केलं, त्याचं हे आहे. तू तोंडाने कधी काही बोलली नाहीस. सभा बोलली, तू गप्प बसलीस. बावीस वर्षं दर शरदात पेटी पाठवत राहिलीस, आणि मी मूर्ख समजत राहिले की पेटी म्हणजे माफी.

डच आयांचं मला सांगू नकोस. मी एकाच मुलाची आई आहे. मला एकाच मुलाचं सुचतं. तुला कसं कळणार?

टोबी घरी आला आहे. बरा आहे.

या वर्षीची पेटी जळून संपली. पुढच्या वर्षीची पाठवू नकोस.

फीबी क्रो


केल्डन,
बारावा महिना, २५, १७९७

प्रिय बहीण फीबी,

पेटी पाठवू नको म्हणालीस, पत्राचं काही म्हणाली नाहीस.

आज गावात सण आहे. घराघरांतून हंस भाजल्याचा वास येतोय आणि भर रस्त्यात आपलं एकच दुकान उघडं. आई म्हणायची तसं, देवाला एक दिवस दुसऱ्यापेक्षा लाडका नाही. गिऱ्हाईक नाही, म्हणून लिहायला वेळ आहे.

आधी माझी एक लपवाछपवी. "हवा खेळते" असं लिहिलं होतं, ते खरं होतं पण पुरतं नव्हतं. त्या संध्याकाळी दुकानाच्या खिडकीची एकही काच राहिली नाही. दगड एका माणसाचे नव्हते. मी दाराशीच बसले होते, मला एकही लागला नाही, म्हणजे नेम चांगला होता. तुला काळजी नको म्हणून लिहिलं नाही. आता वाटतं, न सांगणं हे खोट्याचं धाकटं भावंड आहे. मी ज्यांच्याकडे बोट दाखवते त्यांच्याच रांगेत उभी.

दुसऱ्या दिवशी मी दुकान नेहमीच्या वेळी उघडलं. काचा झाडल्या, खिडकीच्या चौकटीवर कागद ताणून बसवला आणि त्याला जवसाचं तेल लावलं. उजेड येतो. पिवळा, ताज्या लोण्यासारखा.

मग सभेतून दोघं भेटायला आले, जेबेझ आणि त्याची बायको हेफझिबा. बराच वेळ नेहमीसारखं शांत बसणं झालं. मग जेबेझ म्हणाला, "डॉर्कस, तू नाही म्हणालीस ते म्हणालीस, आणि माल तर सगळा गेलाच. मग साधलं काय? सरळ विकल्या असत्यास, खिडकीला फळ्या लावल्या असत्यास, तर कुणाला बोलायला जागा राहिली नसती."

"फसले मी, हे खरं," मी म्हटलं. "फसवणं त्यांच्याकडे गेलं. विचारणं माझ्याकडे आहे. उद्या पुन्हा विचारेन."

"आणि पुन्हा विश्वास ठेवशील?"

"दुसरं काय ठेवू? दुकानात पोलादी पेटी आहे, तिच्यात विश्वास मावत नाही."

हेफझिबा हसली आणि मग हसल्याबद्दल तिला वाईट वाटलं. आपली माणसं नवी काच बसवून द्यायला तयार आहेत, म्हणाली, फक्त पुढच्या वेळी मी गावाशी जरा नमतं घ्यावं. मी काच नको म्हटलं. कागद राहू दे. दर बाजाराला माणसं त्याच्यासमोरून जातात आणि मान दुसरीकडे वळवतात. काच बसवली तर त्यांची मान सरळ होईल. इतक्यात नको.

डिकनने चरबी बंद केली आहे. मी खालच्या गावातून आणते, तिला बोकडाचा वास येतो. घरात मी लव्हाळ्याच्या वाती चरबीत बुडवून जाळते, गरिबाघरी जाळतात तशा. पेग विडोसन येऊन सहाच्या सहा मेणबत्त्या परत देऊन गेली. "जाळल्या नाहीत गं. खोटं बोलून आणलेली वस्तू पेटवायला हातच होईना," म्हणाली. तेवढ्या माझ्या फळीवर आहेत.

आता तुझ्याविषयी. पेटी माफी नव्हती, कारण मी तुझ्यावर कधी रागावले नव्हते. तुझं नाव काढलं त्या दिवशी मी सभेत उठून उभी राहायला हवी होती. राहिले नाही. तेव्हा गप्प बसले म्हणून या वेळी खुर्ची दारात मांडली, असंही असेल. मला नक्की सांगता येत नाही.

टोबी "बरा आहे" असं दोन शब्दांत लिहिलंस. आई गेली त्या दिवशीही तू शेजारणीला "आई झोपली आहे" असं सांगत होतीस. हाताचं काय, फीबी?

डॉर्कस


हल बंदर,
१८ फेब्रुवारी १७९८

डॉर्कस,

हात नाही.

उजवा. कोपराच्या वर. जहाजावरच कापला. सुतार दारात "थोडं लागलंय" म्हणाला तेव्हा तो हात समुद्रात होता, आणि मी त्या संध्याकाळी तुझी सगळी पेटी पेटवून नाचत होते.

तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं की खरं झालं असतं. आणि तुझ्यावर रागावलेलं राहायला बरं वाटत होतं. राग हे एक काम असतं, हाताला मिळतं.

शिडं शिवणाऱ्याचा मुलगा, जहाजावरही शिडंच शिवायचा. त्याला सुईत दोरा ओवता येत नाही. मॅथ्यू रोज त्याला वर कारखान्यात घेऊन जायचा, डाव्या हाताने जमेल म्हणायचा, आणि टोबी तिथे बसून बापाचे दोन हात बघत राहायचा. एकदा जेवताना मला म्हणाला, "आई, बातमी आली त्या दिवशी तू किती मेणबत्त्या लावल्या होत्यास?" मी म्हटलं, सगळ्या. तो म्हणाला, "छान दिसलं असेल." बस्स, एवढंच. चेष्टा नव्हती त्यात. असती तर मला सोसली असती.

शेजारपाजारचे येतात, त्याच्या पाठीवर थाप मारतात, "वीर, वीर" म्हणतात, आणि बोलताना त्याच्या रिकाम्या बाहीकडे बघतात.

डॉर्कस, तो घरात नाही. आठवडा झाला. मॅथ्यूने बंदर पालथं घातलं. जाताना त्याने काही नेलं नाही, फक्त तुझ्या पेटीवरची ती चिठ्ठी नेली, जिच्यावर तुझ्या दुकानाचा पत्ता असतो. तो तुझ्याकडे आला आहे का? आला असला तर मला एक ओळ लिही. नसला तरी लिही.

मी तुला फार बोलले. ते नंतर.

फीबी


केल्डन,
तिसरा महिना, २, १७९८

प्रिय फीबी,

तो इथे आहे. जेवतो, झोपतो. आधीच लिहिलं असतं, पण मी स्वतः लिहितो म्हणून तो मला थांबवत होता.

बाजाराच्या दिवशी आला. दारात उभा राहिला, उंच, मॅथ्यूचे खांदे, आपल्या आईची हनुवटी. मी ओळखलं, पण तो बोलेना म्हणून मी नेहमीचंच विचारलं.

"मेणबत्ती कशासाठी हवी?"

"मला मेणबत्ती नको, मावशी. ज्या घरात लागली नाही ते घर बघायला आलो."

मी त्याला आत घेतलं. बाहीकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं, आणि विचारलं, दुखतं का. म्हणाला, जो हात नाही तोच दुखतो. कुणी असं सरळ विचारलं नव्हतं म्हणाला.

तो आपल्यातला नाही आणि होणारही नाही. आम्ही रोज भांडतो. "माझे सोबती शूर होते, मावशी. त्यांना नावं ठेवायची नाहीत." मी म्हणते, शूर होते म्हणूनच जीव तुटतो, भित्रे असते तर पळून जाऊन वाचले असते. मग तो भांडी आपटतो. एका हाताने आपटतो, पण आवाज दोन्ही हातांचा.

कढईवरचा तो जुना तराजूसारखा दांडा आठवतो? एका टोकाला वातींची चौकट, दुसऱ्या टोकाला वजन. आईचे खांदे गेले तेव्हा बाबांनी सुताराकडून करून घेतला होता. मी माळ्यावरून काढला. चौकट खाली दाबायला आणि सोडायला एक हात पुरतो. पहिल्या दिवशी टोबीच्या मेणबत्त्या गाजरासारख्या झाल्या, वर लठ्ठ, खाली काटकुळ्या. मी त्या तशाच खिडकीत टांगल्या. "मावशी, काढ त्या, लोक हसतील!" "हसू देत. काच फोडणाऱ्यांनी निदान हसावं तरी." आता सरळ होतात. माझ्यापेक्षा बऱ्या होतात, हे त्याला सांगू नकोस.

काल डिकन प्रॅट आला. चार महिन्यांनी. टोबी चौकटीशी होता, बाही वर टाचलेली. डिकनने पाहिलं आणि हॅट काढली.

"कुठल्या जहाजावर होतास, पोरा?"

टोबीने नाव सांगितलं.

"आम्ही तुमच्यासाठी गाव उजळलं होतं हो! सगळं गाव!"

"ऐकलं मी," टोबी म्हणाला. "ही खिडकीही माझ्यासाठीच फोडली का?"

डिकनच्या हातात हॅट होती, ती फिरवत राहिला. "मी दगड मारला नाही."

"मग काय केलंत?"

"उभा होतो."

"मीही तोफेजवळ उभाच होतो," टोबी म्हणाला. "शिडं शिवणाऱ्याला तिथे काही काम नव्हतं."

डिकन मग मला म्हणाला, "बाई, चरबी पाठवू का?"

"पाठव. भाव जुनाच देईन, कमी नाही, जास्त नाही."

"आणि मला अर्धा डझन मेणबत्त्या द्या."

"कशासाठी?"

त्याने हॅट डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. मग म्हणाला, "ठाऊक नाही हो. घरात अंधार वाटतो."

फीबी, माझ्या दुकानात एवढं खरं उत्तर मला क्वचित मिळालं असेल. पेगने परत आणलेल्या सहा त्याला दिल्या.

टोबीला इथे राहू दे. मॅथ्यूला सांग, सुई टोबीविना चालेल, पण बाप म्हणून त्याने येऊन जावं. पेटी शरदात पाठवणार आहे. मेणबत्त्या टोबीच्या हातच्या असतील. नको म्हणशील तर परत पाठव.

डॉर्कस


हल बंदर,
दहावा महिना, ६, १७९८

प्रिय बहीण डॉर्कस,

पेटी परवाच पोहोचली. एकही मेणबत्ती गाजरासारखी नाही. एक तरी असती तर मी जपून ठेवली असती.

आणि काल बातमी आली, दूर नाईल नदीच्या मुखाशी फ्रेंचांचं आरमार जाळलं. घंटा सुरू झाल्या. दुपारपासून मॅथ्यू खिडक्यांत मेणबत्त्या मांडत होता, टोबीच्या, पेटीतल्या. त्याचाही दोष नाही, आरमार हेच आमचं गिऱ्हाईक. मी मागोमाग गेले आणि एकेक उचलून एप्रनमध्ये घेतली.

"फीबी, काय करतेस? गिऱ्हाईक जाईल!"

"हात गेला तेव्हा गिऱ्हाईक काय करत होतं?"

मी म्हटलं, "वर जाऊन बस, मॅथ्यू. हे माझं आहे, तुझ्यावर नाही टाकत." तो वर गेला. मी फळ्या लावल्या नाहीत. खुर्ची घेऊन दाराशी बसले. तू बसलीस तशी बसायचं ठरवलं होतं, पण एप्रनमधल्या मेणबत्त्या एकमेकींवर वाजत होत्या. तुला भीती वाटली होती का? ते तू लिहिलं नाहीस.

गल्लीत आमचंच घर काळं. शेजारची मार्था हार्लंड धावत आली. "अगं, एक तरी लाव! एवढ्या मांडीवर आहेत!"

"कशासाठी, मार्था?"

"कशासाठी म्हणजे? सगळे लावतात म्हणून!"

"जहाजं जळाली तेव्हा त्यांच्यावर माणसं होती. शिडं शिवणारे होते. सुतार होते. त्यांना कुणीतरी भूक लागते का म्हणून घरी विचारत असेल."

"फ्रेंच होते ते!"

"हो. त्यांनाही उजवे हात होते."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी वेडी झाल्यासारखी. मग घरी गेली, पण एक सांगते, तिच्या वरच्या खिडकीतली एक मेणबत्ती थोड्या वेळाने विझली. वाऱ्याने असेल. मी विचारणार नाही.

मग लोक आले. "क्रो! झोपलात का मेलात?" "क्वेकरीण परत क्वेकरीण झाली!" एक शिपाई पुढे आला, "बाई, दिवा लावा, नाहीतर मी जबाबदार नाही." बावीस वर्षांनी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तू जबाबदार नाहीसच. घरी जा." एवढ्या वर्षांत मी कुणा परक्या माणसाला असं तू म्हटलं नव्हतं. तोंड धुतल्यासारखं वाटलं.

पहिला दगड कारखान्याच्या खिडकीला लागला, दुसरा माझ्या डोक्यावरून गेला. आणि जिन्यावर पावलं वाजली. मॅथ्यू खाली आला, बाहेर जायची हॅट घालून. मला वाटलं, माफी मागायला चालला. त्याने दुसरी खुर्ची आणली, माझ्याशेजारी मांडली आणि बसला. लोकांनी राजाचं गाणं सुरू केलं. सगळ्या गल्लीने हॅट काढल्या, दगड हातात असलेल्यांनीही काढल्या.

मॅथ्यूने काढली नाही.

त्याला बोलता कुठे येतं, डॉर्कस? नुसता बसून राहिला, हॅट कपाळावर ओढून, गाणं संपेपर्यंत, आणि ते त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा म्हटलं. मी त्याच्याशी पाद्र्यासमोर लग्न केलं याचा मला काल पहिल्यांदा अभिमान वाटला. सभेला सांगायचं तर सांग. टोबीला नक्की सांग, बापाने हॅट काढली नाही.

आज सकाळी काचवाला स्वतःहून आला, चौकटी मोजू लागला. मी त्याला परत पाठवला. मॅथ्यू काच झाडत होता, त्याने ऐकलं आणि झाडत राहिला.

तुझा तो तेलाचा कागद पाठव. जाडसर पाठव, इथे समुद्राचा वारा असतो.

तुझी बहीण
फीबी